हातातला अर्धा अँटेना

हौशी रेडिओचा परवाना मिळाला की पहिली खरेदी बहुतेक वेळा हँडीची, म्हणजे हातात धरायच्या संचाची, होते, आणि दुकानात पहिला प्रश्न वॉटचा विचारला जातो. पाच वॉटचा घ्यावा की आठचा? किमतीत फार अंतर नसते, आठ हा आकडा मोठा असतो, त्यामुळे निर्णय चटकन होतो. मग गच्चीवर उभे राहून हाक मारली तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मित्राला खरखरीपलीकडे काहीच ऐकू जात नाही.

फायदा किती झाला, हे पाहायचे तर हिशेब डेसिबलमध्ये करावा लागतो. ताकद दुप्पट झाली की ३ डेसिबल, चौपट झाली की ६, दहापट झाली की १०. पाचावरून आठ वॉटवर गेल्याने पदरात पडतात जेमतेम २ डेसिबल. समोरच्या रेडिओच्या एस-मीटरवरचे एक घर ६ डेसिबलचे धरतात. म्हणजे या वाढीने काटा घराच्या एक तृतीयांश एवढाच हलतो. बॅटरी मात्र लवकर उतरते आणि हँडी हाताला चटका बसेल इतका तापतो. शिवाय वॉट वाढवल्याने आपले बोलणे तेवढे मोठे होते, ऐकणे नाही. अँटेनाचे तसे नाही. तिथे ५ डेसिबल मिळवले तर जाणारा संदेश ५ डेसिबलने सुधारतो आणि येणाराही तेवढ्यानेच. हेच ५ डेसिबल वॉटमध्ये मोजायचे तर पाचाचे पंधरा-सोळा वॉट करावे लागतील, आणि तेवढी ताकद तळहातावर मावणाऱ्या डबीत झेपणार नाही.

पुढे जाण्याआधी चौकट सांगून टाकतो. भारतात प्रक्षेपण करायचे तर दळणवळण खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि मग व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. हँडीधारकांचा मुख्य वावर दोन पट्ट्यांत असतो: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा दोन मीटरचा आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा सत्तर सेंटिमीटरचा. या प्रकरणातली सगळी मापे याच दोन पट्ट्यांची आहेत.

हँडीबरोबर जो काळा, लवचीक, बोटभर जाडीचा अँटेना येतो त्याला सगळे ‘रबर डक’ म्हणतात. मोडलेला एखादा मिळाला तर उभा चिरून पाहावा. आत तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे निघते. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर असते. सरळ तारेचा पाव-लहरी अँटेना करायचा तर, टोकाच्या परिणामापोटी थोडी काटछाट करून, ४९ सेंटिमीटर तार लागते. एवढी काठी खिशातून बाहेर आली तर डोळ्यात जाईल, दारात अडकेल. म्हणून तीच तार गुंडाळून पंधरा सेंटिमीटरच्या नळीत कोंबलेली असते.

कोंबण्याची किंमत मोजावी लागते. अँटेनात शिरलेली ऊर्जा किती सहजपणे लहरी होऊन बाहेर पडते, हे मोजायला अभियंते विकिरण-रोध नावाचा आकडा वापरतात. पूर्ण लांबीच्या पाव-लहरी तारेचा, नीट जमीन मिळाली तर, विकिरण-रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. पंधरा सेंटिमीटरच्या वेटोळ्याचा असतो दोन-चार ओहम. ऊर्जा नुसती उष्णतेत घालवणारे ओहमही वाटेत असतातच, वेटोळ्याच्या तारेत, जोडात आणि आसपासच्या वस्तूंत. ३६ ओहमच्या शेजारी वाया घालवणारे तीन ओहम असले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन ओहमच्या शेजारी तीन असले तर निम्मी ताकद रबर तापवण्यात जाते. वर आणखी एक उणीव आहे: आखूड केलेला अँटेना अरुंद पट्ट्यातच नीट सूर धरतो. पाकिटावर ‘१३६ ते १७४’ छापलेले असले तरी सबंध पट्टाभर तो सारखाच चालेल, ही अपेक्षा भौतिकशास्त्राला मान्य नाही.

तरी रबर डक वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तो वाकतो, मोडत नाही, पावसात भिजला तरी चालतो, आणि शेजारच्या टेकडीवर रिपीटर, म्हणजे ऐकलेले पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, असेल तर त्याहून जास्त काही लागतही नाही. त्याचा खरा दोष आखूडपणात नसून वेगळ्याच ठिकाणी आहे.

हाइनरिख हर्ट्झने १८८७ साली कार्ल्सरुहेच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा रेडिओलहरी निर्माण केल्या तेव्हा त्याच्या उपकरणाला दोन भुजा होत्या. एका भुजेत विद्युतभार ढकलायचा तर तेवढाच दुसरीतून ओढावा लागतो; एकाच बाजूला ढकलता येत नाही. मार्कोनीने पुढे एक भुजा उंच टांगली आणि दुसऱ्या भुजेचे काम जमिनीकडे सोपवले. मोटारीच्या टपावर लावलेला व्हिप अँटेना हेच करतो, तिथे पत्र्याचे टप दुसरी भुजा होते. चिखलात रुतलेल्या गाडीला धक्का द्यायचा तर आधी आपले पाय रोवायला घट्ट जागा लागते, त्यातलाच हा प्रकार. पाय घसरले की गाडी हलत नाही, अंगात कितीही बळ असो.

हँडीचे पाय कुठे रोवलेले असतात? आत दहा-बारा सेंटिमीटरची धातूची चौकट असते. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी ती फारच तोकडी आहे. उरलेले काम करतो तो हात. प्लॅस्टिकच्या कवचातून, थेट स्पर्श न होताही, तळहात त्या चौकटीशी विद्युतदृष्ट्या जोडला जातो आणि हात, खांदा, धड असे सगळे शरीर दुसरी भुजा बनते. वर दिसणारी रबराची काडी हा अर्धा अँटेना आणि रेडिओ धरणारा माणूस हा उरलेला अर्धा. माणूस हा वाहक म्हणून फार सुमार असतो. खारट पाण्याने भरलेली ही पखाल थोडी ऊर्जा लहरींना देते आणि बरीचशी स्वतःच पिऊन टाकते. हँडीच्या अँटेनात करण्यासारख्या जवळपास सगळ्या सुधारणा या एका गोष्टीभोवती फिरतात: शरीराकडून ते काम काढून घ्यायचे, किंवा निदान त्याने कमी बिघडवावे असे पाहायचे.

फुकटातली सुधारणा आधी. हँडी कमरेच्या पट्ट्याला अडकवून, कॉलरला स्पीकर-माइक लावून बोलणे दिसायला रुबाबदार असते. बंदोबस्तावरचे पोलीस तसेच बोलतात, पण त्यांच्यासाठी उंच ठिकाणी रिपीटर उभे केलेले असतात. कमरेपाशी अँटेना अंगाला चिकटतो, त्याचा सूर बिघडतो, आणि एका बाजूला सबंध धड आडवे येते. हँडी चेहऱ्यासमोर धरणे आणि कमरेला लावणे यांत १० डेसिबलचे आणि पुष्कळदा त्याहून जास्त अंतर पडते. म्हणजे पाच वॉटचा अर्धा वॉट झाला. स्पीकर-माइक वापरायचाच असेल तर उलटा वापरावा: माइक तोंडाशी आणि हँडी दुसऱ्या हाताने डोक्याच्या वर उंच धरलेला. तसे उभे राहिले की लोक बघतात. बघू द्यावे.

हँडी सरळ उभा धरणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही. एफएमवर चालणारे रिपीटर आणि मोटारीतले संच उभ्या ध्रुवणाचे असतात, त्यांच्या लहरींचे विद्युतक्षेत्र उभे हेलकावते. कानाजवळ फोनसारखा आडवा धरलेला हँडी आडव्या ध्रुवणाने बोलतो, आणि काटकोनातल्या दोन अँटेनांमध्ये मोकळ्या जागेत २० डेसिबलपर्यंत घट येऊ शकते. शहरात लहरी भिंतींवर आपटून वेड्यावाकड्या होतात, म्हणून तिथे ही घट तेवढी जाणवत नाही; उघड्या माळावर किंवा गडावर ती पुरती जाणवते. तिसरी फुकटची युक्ती एक पाऊल सरकण्याची. इमारतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी जोर धरतात, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. दोन मीटरच्या पट्ट्यात हे खड्डे सुमारे मीटरभराच्या अंतराने येतात, सत्तर सेंटिमीटरला फूटभरानेच. सिग्नल तुटत असेल तर रेडिओ बदलण्याआधी पाऊल बदलावे, आणि पाठ संदेशाच्या दिशेला येत असेल तर वळून उभे राहावे. खोलीच्या मध्यापेक्षा खिडकी बरी. खिडकीला लोखंडी जाळी असेल तर बाल्कनी बरी.

आता तारेचा तुकडा. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात आवडती गोष्ट वाटते, कारण तिला खर्च जवळजवळ नाही आणि ती नेमकी दुखऱ्या जागी लागते. अँटेनाच्या कनेक्टरची बाहेरची धातूची कडा म्हणजे हँडीची ‘जमीन’. त्या कडेला पाव-लहरी लांबीची इन्शुलेटेड तार जोडून ती खाली मोकळी सोडायची. शेपटीसारखी लोंबते म्हणून तिला ‘टायगर टेल’ म्हणतात. झाले, दुसरी भुजा मिळाली. वर वेटोळे, खाली तार, आणि शरीर त्या व्यवहारातून बरेचसे बाहेर.

लागते ती वायरिंगच्या दुकानात सुटी मिळणारी बहुतारी वायर. एकतारी नको, ती वाकून वाकून तुटते. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर तिथेच रिंगवाली थिंबलही मिळेल. थिंबलचे भोक कनेक्टरच्या बाहेरच्या आट्यांवरून जाईल एवढे हवे. वायरला थिंबल चिमटून सोल्डर करायची, वर हीट-श्रिंक चढवायची. थिंबलपासून टोकापर्यंत लांबी ५० सेंटिमीटर ठेवून सुरुवात करावी आणि मग थोडी थोडी कापत ४९वर यावे. टोकाला उघडी तार ठेवू नये. टोक दुमडून टेप लावावी, कारण बोलताना तिथे विद्युतदाब सर्वात जास्त असतो. गंमत अशी की ४९ सेंटिमीटर ही लांबी ४३५ मेगाहर्ट्झला पाऊण लहरीएवढी भरते, आणि पावाच्या विषम पटीतली तार तिथेही हेच काम करते. त्यामुळे दोन्ही पट्ट्यांना एकच शेपूट पुरते. फक्त सत्तर सेंटिमीटरवरच काम असेल तर साडेसोळा सेंटिमीटरचा तुकडा बस.

दोन ठिकाणी जपायला हवे. थिंबल आतल्या मधल्या पिनेला शिवता कामा नये, नाहीतर हँडीचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. आणि थिंबल जाड असेल तर अँटेना पूर्ण बसत नाही, मधली पिन अर्धवट टेकते, आणि सुधारणा करायला गेलेला माणूस आधीपेक्षा वाईट ऐकू येऊ लागतो. पातळ पत्र्याचा वॉशर घेतला तर हा त्रास टळतो. काही जण शेपूट पट्ट्याच्या क्लिपच्या स्क्रूला बांधतात. तो स्क्रू आतल्या धातूला पोचतो की नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रुतलेला आहे, हे मल्टिमीटरने कनेक्टरच्या कडेशी जोड तपासूनच ठरवावे.

फरक किती पडतो? कुणी ठाम आकडा सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नये. हँडी कोणता, अँटेना कोणता, हात कसा धरला, यावर ते अवलंबून असते. पण तपासायचे कसे ते सांगता येते. जवळच्या रिपीटरवर तपासले तर काहीच कळणार नाही, कारण तो आधीच पूर्ण ताकदीने ऐकत असतो. तुटत तुटत ऐकू येणारा एखादा दूरचा मित्र शोधावा, सिम्प्लेक्सवर यावे, म्हणजे मधे रिपीटर नको, आणि शेपूट लावून-काढून विचारावे. एफएमला एक उंबरठा असतो. त्याच्या वर सिग्नल गेला की आवाज स्वच्छ, खाली घसरला की नुसती फसफस. उंबरठ्यापाशी दोन-तीन डेसिबलनेही न समजणारे वाक्य समजू लागते. याच अर्थाने सुरुवातीचे ते आठ वॉट अगदीच निरुपयोगी नाहीत, पण तेच काम तारेचा तुकडा जाता-येता दोन्हीकडे करतो.

रबर डक काढून लांब व्हिप लावणे ही लोकांची आवडती सुधारणा. बाजारात अडतीस-चाळीस सेंटिमीटरचे दुपट्टी व्हिप सर्रास मिळतात. ते पूर्ण पाव-लहरीपेक्षा थोडे कमी असले तरी वेटोळ्यापेक्षा बरेच चांगले. यांत नकलांचा सुळसुळाट आहे आणि नकली मालात आत काय भरलेले असेल सांगता येत नाही, म्हणून ओळखीच्या हॅमकडे, म्हणजे हौशी रेडिओवाल्याकडे, चालणारा पाहून तसाच घ्यावा. पूर्ण लांबीची टेलिस्कोपिक काडी त्याहून बरी, आणि मीटरभर उंचीची अर्ध-लहरी टेलिस्कोपिक तर हँडीवर चढवता येण्यासारख्यांत सर्वात चांगली. तिला टोकातून ऊर्जा दिली जाते, तिथे प्रवाह अगदी कमी असतो, त्यामुळे दुसऱ्या भुजेची गरजच फारशी उरत नाही. ‘फाइव्ह-एट्थ’ म्हणजे पाच-अष्टमांश लहरीच्या काड्यांची जाहिरात जास्त डेसिबलचा दावा करते. तो दावा मोटारीच्या सपाट टपावर खरा असतो. हँडीवर खाली रोवायला जमीनच नसल्याने ती काडी अर्ध-लहरीहून उजवी ठरत नाही, उलट लांब असल्याने जास्त डुलते. टेलिस्कोपिक काडी मिटवून ठेवली असताना पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबू नये, हेही लक्षात ठेवावे.

डुलण्यावरून आठवले: एसएमए कनेक्टर मुळात मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी बनवलेला, नाजूक. मीटरभर काडी त्याच्यावर लादून चालत सुटलात तर धक्के सगळे त्या छोट्या आट्यांवर आणि आतल्या सर्किट बोर्डावर येतात. जुन्या हँडींना बीएनसी असायचा, पाव वळसा देऊन लागणारा आणि दणकट. आता अडॅप्टर लावावा लागतो. त्यातही घोळ आहे. यासू, आयकॉम, केनवुड यांच्या एसएमएवाल्या हँडीच्या अंगावर सहसा छिद्रवाला एसएमए असतो आणि अँटेनाला पिनवाला. बाओफेंगच्या यूव्ही-५आरसारख्या चिनी हँडींत हे नेमके उलटे असते. अँटेना मागवण्याआधी आपल्या हँडीत डोकावून पाहावे.

अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते सांगणारा एसडब्ल्यूआर हा हॅम लोकांचा लाडका आकडा. हँडीच्या बाबतीत तो फार मनावर घेऊ नये असे माझे मत आहे. एसडब्ल्यूआर २ झाला तरी परत फिरते ती साधारण ११ टक्के ताकद, म्हणजे अर्धा डेसिबल. ३ झाला तर २५ टक्के, सव्वा डेसिबल. आणि डमी लोडचा, म्हणजे ताकद नुसती पिऊन टाकणाऱ्या रोधाचा, एसडब्ल्यूआर जवळजवळ १ असतो, तरी तो काहीही प्रक्षेपित करत नाही. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाने ताकद स्वीकारली एवढेच, पुढे तिच्या लहरी झाल्या की उष्णता, हे तो सांगत नाही. शिवाय रबर डक काढून टेबलावरच्या नॅनोव्हीएनए मीटरला जोडला की त्याची दुसरी भुजाच बदलते. तिथे हँडी नसतो, तुमचा हातही नसतो; असते ती मीटरची डबी आणि यूएसबीची वायर. मोजता ते वेगळ्याच अँटेनाचे असते.

याहून पुढचे पाऊल म्हणजे अँटेना हातातून काढून उंचावर टांगणे. त्यासाठी सर्वात सोयीचा प्रकार सव्वाशे वर्षांच्या आतलाच आहे. जर्मनीत झेपेलिन हवाई जहाजांवर रेडिओ बसवायचा तर जमीन कुठून आणणार, असा प्रश्न पडला. हान्स बेगेरोवने १९०९ साली ज्याचे पेटंट घेतले तो अँटेना जहाजाखाली लोंबणाऱ्या लांब तारेचा होता, आणि तिला जहाजाकडच्या टोकाला समांतर तारांच्या जोडीतून ऊर्जा मिळत होती. आकार इंग्रजी ‘जे’सारखा, म्हणून पुढे जे-पोल. १९७८ साली ब्रिटिश हॅम फ्रेड जड यांनी त्याचे वरचे टोक दुमडून ‘स्लिम जिम’ केला. या घराण्यातला कोणताही अँटेना आपली दुसरी भुजा स्वतःबरोबर घेऊन येतो, जमीन मागत नाही, माणूसही मागत नाही.

बनवायला लागते ३०० ओहमची चपटी रिबन वायर, दूरदर्शनच्या काळात गच्चीवरच्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत यायची तीच. कुणाच्या माळ्यावर अजून गुंडाळी पडलेली असेल. दोन मीटरसाठी दीड मीटरच्या आसपास रिबन पुरते; नेमकी लांबी रिबनच्या प्लॅस्टिकवर ठरते, म्हणून थोडी जास्त ठेवून, मीटर लावून कापत जायचे. घडी खिशात मावते, दोरीने फांदीला टांगता येते. मात्र दोन मीटरचा जे-पोल सत्तर सेंटिमीटरवर वापरला तर एसडब्ल्यूआर बरा दिसतो आणि ऊर्जा मात्र क्षितिजाऐवजी वर आभाळाकडे जाते. इथेही मीटर फसवतो.

टांगलेल्या अँटेनापासून हँडीपर्यंत कोॲक्स लागणार, आणि मिळवलेले तिथे घालवू नये. आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते, ४३५ला ३५च्या आसपास. पाच मीटर तुकडा दोन मीटरच्या पट्ट्यात चालून जातो, १ डेसिबल गेले. वीस मीटर घेऊन गच्चीवरून तळमजल्यावर आलात तर सत्तर सेंटिमीटरला ७ डेसिबल वाटेतच मुरले. लांब अंतराला जाड केबल घ्यावी, ती परवडत नसेल तर हँडी घेऊन आपणच गच्चीवर जावे.

उंचीचे मोल सांगायला साधे सूत्र आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ने गुणले की रेडिओ-क्षितिज किती किलोमीटरवर ते मिळते. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या हातात दीड मीटर उंचीवर हँडी असेल तर ५ किलोमीटर. तिसऱ्या मजल्याची गच्ची, नऊ-दहा मीटर, तर साडेबारा-तेरा. सिंहगडाचा माथा पुणे शहरापेक्षा साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. सूत्र सांगते ११० किलोमीटरच्या पलीकडे. दूरदर्शनने तिथे मनोरा उभारला तो काही निसर्गसौंदर्यासाठी नाही. गडावरून रबर डकवर बोलणारा ट्रेकर, तीन कॉंक्रीटच्या इमारतींमागे जे-पोल टांगून बसलेल्याला सहज मागे टाकतो. सह्याद्रीत याची दुसरी बाजूही आहे. घाटाखालच्या गावातून मागच्या कड्यापलीकडे या लहरी जात नाहीत, अँटेना कोणताही असो. अशा वेळी समोरच्या उघड्या कातळाकडे तोंड करून, तिथून परतलेल्या लहरीवर संपर्क साधता येतो का पाहणे, एवढेच हाती असते.

मोठा अँटेना लावल्यावर कमी ऐकू येऊ लागले, अशी तक्रार शहरातून वारंवार येते, आणि ती खरी असते. स्वस्त हँडींत एका चिपवर बसवलेला डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर असतो, त्यासमोर गाळण्या नावापुरत्याच. रबर डक मुळात कमी ऐकत असल्याने त्याचे निभावते. गच्चीवरचा अँटेना जोडला की नको असलेली बलवान केंद्रे, एफएम प्रसारण, इतर खात्यांचे प्रक्षेपक, सगळी एकदम आत घुसतात, आणि त्यांच्या दडपणाखाली हवा तो बारीक आवाज दबतो. एस-मीटर भरलेला आणि स्पीकर मुका, ही त्याची खूण. १४४ ते १४६ एवढेच आत सोडणारी गाळणी मधे लावली तर सुटका होते. नाहीतर चांगल्या रिसीव्हरचा हँडी घ्यावा. वॉटसाठी खर्च करण्यापेक्षा त्यासाठी केलेला खर्च मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

दुसरा उपाय म्हणजे सगळीकडचे न ऐकता एकाच दिशेचे ऐकणे. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली मांडलेला अँटेना भारतीयांना दूरदर्शनने घरोघर दाखवला. हँडीसाठी त्याची तीन दांड्यांची आवृत्ती स्टीलच्या मेझर टेपची करतात: पीव्हीसी पाइपाच्या दांड्यावर मागे सुमारे १०५ सेंटिमीटरची पट्टी, मधे पंचेचाळीस-पंचेचाळीसचे दोन तुकडे आणि पुढे ८९ची, पहिल्या दोनांत २० सेंटिमीटर अंतर आणि पुढच्या दोनांत ३२च्या आसपास. ही मापे मूळ अमेरिकी आराखड्यातली, १४६ मेगाहर्ट्झच्या थोडे वरची, त्यामुळे आपल्याकडे पट्ट्या सेंटिमीटरभर लांब ठेवून मीटरने जुळवाव्या लागतात. टेपवरचा रंग खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि कापलेल्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, त्यांना टेप गुंडाळावी. दारातून जाताना पट्ट्या वाकतात आणि पलीकडे गेल्यावर टणकन सरळ होतात. लाभ सहा-सात डेसिबल, म्हणजे पाच वॉटचे वीस, तेही ऐकण्यासकट.

या यागीची खरी मजा आभाळात आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते आणि त्यावर हौशी रिपीटर आहे: वर १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलायचे, खाली ४३७.८०० वर ऐकायचे. ४०० किलोमीटर मोकळ्या जागेत दोन मीटरच्या लहरीची घट होते १२८ डेसिबल. पाच वॉटचा सिग्नल एवढी घट सोसूनही, रिसीव्हरला लागणाऱ्या किमान पातळीपेक्षा ३० डेसिबलने वर राहतो. आठ किलोमीटरवरच्या मित्राला आपण ऐकू जात नाही आणि स्थानकाला जातो, ते मधे इमारत नसते म्हणून. स्थानक क्षितिजाजवळ असते तेव्हा अंतर दोन हजार किलोमीटरवर जाते, आणखी १४ डेसिबल घटतात, आणि यागी कामाला येते ती तेव्हा. भारताचा स्वतःचा हॅमसॅट ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६वरून सुटला आणि २०१४पर्यंत चालला. पण त्याचे ट्रान्सपाँडर एसएसबी आणि मोर्ससाठी होते, एफएम हँडीचा तिथे उपयोग नव्हता.

स्थानक ऐकायचे तर ४३७ मेगाहर्ट्झच्या आखूड दांड्यांची दुसरी यागी लागते. ती त्याच पाइपावर पहिलीच्या काटकोनात बसवली तर दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत. स्थानक वेगाने जवळ येत असते तेव्हा डॉप्लरमुळे ते ४३७.८१०वर ऐकू येते, माथ्यावर ४३७.८००वर आणि मावळताना ४३७.७९०वर, हे तिन्ही आकडे हँडीच्या मेमरीत आधीच भरून ठेवावेत. डावा हात यागी धरून स्थानकामागे फिरतो, उजवा चॅनल बदलतो. मधेच आवाज बुडाला तर दिशा बदलण्याआधी मनगट फिरवून पाहावे, कारण पुष्कळदा दिशा बरोबरच असते आणि ध्रुवण वळलेले असते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या नुसत्या ऐकण्यात घालवाव्यात. एक फेरी जेमतेम दहा मिनिटांची, रिपीटर एकच, आणि खाली सबंध उपखंडातले हॅम रांगेत उभे असतात. खालचा आवाज ऐकू येत नसताना वर बोलत राहणारा माणूस त्या सगळ्यांची दहा मिनिटे घेऊन जातो.